सोन्याच्या बातमीत न सांगितलेली गोष्ट: सोमलाचं काय करणार?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

२०२२ च्या शेवटी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी खनिजांवरच्या एका परिषदेत सांगितलं, की महाराष्ट्रात चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत सोन्याचे साठे असलेले ब्लॉक आहेत. बातमी आली, व्हॉट्सअॅपवर फिरली, दोन दिवस विनोद झाले आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. 'सोना गावला तर आमका काय गावतला?' हा आपला नेहमीचा मालवणी प्रश्न. प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. सोन्याबरोबर आणखी काय गावतला आणि ता खय जातला, हा उरलेला अर्धा प्रश्न. आजची पोस्ट त्या उरलेल्या अर्ध्यावर आहे.

सोनं जमिनीतून एकटं येत नाही. त्याच्याबरोबर गंधक येतो, लोखंड येतं, कधी शिसं, कधी पारा, कधी अँटिमनी, आणि फार वेळा आर्सेनिक. सोनं शुद्ध करणं म्हणजे या बाकीच्यांना बाजूला काढणं. पण बाजूला काढलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती कुणाच्या तरी छातीत जाते, नाहीतर विहिरीत, नाहीतर कुणीतरी ती मोजून, बंद करून, राखत बसतं. सोन्याचा सगळा इतिहास या तीन वाटांचा आहे, आणि तिसरी वाट माणसाने फार उशिरा धरली.

आधी आपल्या भाषेतलेच शब्द बघूया. आर्सेनिक हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण वस्तू परकी नाही. गंधकाबरोबरचं पिवळं आर्सेनिक म्हणजे हरताळ. तांबडं म्हणजे मनशीळ. आणि पांढरी पूड म्हणजे सोमल, जुन्या गोष्टींत दुधातून द्यायचे तो. पूर्वी पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा पिवळा लेप देऊन ते झाकत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या घरात हे विष होतं, नावासकट ओळखीचं होतं.

सोनं शुद्ध करायच्या पद्धतीही जुन्या आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अशुद्ध सोनं शिशाबरोबर तापवून शुद्ध करायची रीत आहे. ती काम कशी करते? शिसं वितळतं आणि हवेशी मिळून त्याचं मुर्दाडशिंग होतं. ते तांबं, कथील असल्या हलक्या धातूंना आपल्यात ओढून घेतं आणि राखेच्या मुशीत मुरतं. सोनं आणि चांदी तेवढी वर उरते. मग सोन्यातून चांदी काढायची. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत अकबराच्या टांकसाळीतली त्याची पद्धत आहे. सोन्याचे पातळ पत्रे करायचे, त्यांना सोरा आणि विटेची पूड यांचा लेप लावायचा आणि शेणीच्या आगीत पुन्हा पुन्हा भाजायचं. चांदी त्या लेपात उतरते. पुढे त्या राखेतूनही शिसं आणि पारा वापरून चांदी परत मिळवत. चारशे वर्षांपूर्वीचं हे कारागिरांचं डोकं आहे, त्याला मान द्यायलाच हवा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. राख परत धुतली जायची, धूर मात्र कुणी परत धरला नाही.

आपल्याकडे सोनारआळीत झारेकरी यायचे. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, पाटाखालची माती विकत घ्यायची, पाण्यात धुवायची आणि त्यातला सोन्याचा कण वेगळा करायचा, हा त्यांचा धंदा. सोन्याच्या बारीक कणाला पारा चिकटतो. म्हणून पाऱ्यात कण गोळा करायचे, तो गोळा फडक्यातून पिळायचा आणि मग तापवायचा. पारा उडून जातो, सोनं खाली राहतं. 'उडून जातो' म्हणजे कुठे जातो? तापवणाऱ्याच्या नाकात आणि त्याच्या झोपडीत. केरातला गुंजभर कण सुद्धा वाया जाऊ न देणाऱ्या त्या धंद्यात पारा मात्र हवेवर सोडलेला होता. कारण सोप्पं आहे. कणाला भाव होता, धुराला भाव नव्हता.

हा जुना काळ झाला असं समजू नका. आजच्या घडीला भारतभर मोडीचं सोनं गाळायचं काम ज्यांच्या हातात आहे ती आपलीच मराठी माणसं आहेत. सांगली जिल्ह्यातला विटा-खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, शेजारचे खटाव, माण, हा सगळा दुष्काळी पट्टा. पावसाने पाठ फिरवली की घर सोडायचं, हे तिथलं जुनं गणित. आपल्याकडचा माणूस मुंबईच्या गिरणीत गेला, तसा तिथला माणूस गलाईच्या धंद्यात गेला. पंजाब, बंगाल, तामिळनाडू, केरळ, कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा, गल्लीच्या टोकाला एखाद्या छोट्या खोलीत विट्याकडचा गलाईवाला भेटेल. अख्ख्या देशाचं सोनं शुद्ध करून देणारी ही माणसं. त्यांच्या कामावर आपल्या वर्तमानपत्रांत यशोगाथा येतात, आणि त्या खऱ्याही आहेत. पण त्या खोलीतल्या हवेबद्दल सहसा कुणी लिहीत नाही.

काम असं चालतं. मोडीच्या सोन्यात आधी चांदी मिसळतात, साधारण एक भाग सोन्याला तीन भाग चांदी. उलटं वाटेल, पण सोनं जास्त असलं तर अॅसिड आतपर्यंत पोचत नाही, म्हणून. मग तो रस पाण्यात ओतून त्याचे बारीक दाणे करायचे आणि ते नायट्रिक अॅसिडमध्ये, म्हणजे तेजाबात, उकळायचे. चांदी आणि तांबं विरघळतं. सोनं तळाला तपकिरी भुकटी होऊन बसतं. ते धुऊन वितळवलं की झालं शुद्ध सोनं. आणि हे होत असताना भांड्यातून तांबूस-नारिंगी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. हा वायू कपटी आहे. घेताना थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, माणूस म्हणतो काही नाही. फुप्फुसात पाणी भरायला पुढचे काही तास लागतात. दुपारी काम केलेल्याला रात्री दम लागतो.

यावर इलाज नाही का? आहे, आणि फार अवघडही नाही. भांड्यावर बंद हूड, खेचणारा पंखा, आणि तो धूर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून नेणारा स्क्रबर. मोठ्या रिफायनरीत हे असतंच. दहा बाय दहाच्या खोलीत मात्र खिडकीतून काढलेला एक पाइप असतो. मुंबईत काळबादेवी-भुलेश्वर भागात सोनं-चांदी वितळवणाऱ्या कारखान्यांच्या चिमण्यांवर गेल्या काही वर्षांत महापालिकेने कारवाई केली. रहिवाशांचं बरोबरच होतं, ती हवा त्यांच्या घरात जात होती. पण चिमणी काढली म्हणून धूर निघायचा थांबत नाही. चार-पाच जणांनी मिळून वापरायची सामायिक गाळणी, जिथे हूड आणि स्क्रबर एकदाच बसवलाय, अशी सोय उभी केल्याशिवाय तो धूर फक्त एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जातो.

केडीएमची गोष्ट तर प्रत्येक घराला माहीत आहे. आईच्या, आजीच्या पाटल्या-कुड्या घेताना सोनार अभिमानाने सांगायचा, 'केडीएम आहे हो!' केडीएम म्हणजे कॅडमियम. दागिन्याचा सांधा जोडताना पूर्वी तांबं-चांदी घातलेलं हलकं सोनं वापरायचे, त्यामुळे मोडताना कस कमी भरायचा. कॅडमियम थोडंसं घातलं तरी सांधा कमी तापमानाला जुळतो आणि कस टिकतो. गिऱ्हाईक खूश. पण कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, आणि सोनाराची फुंकणी त्याहून कितीतरी जास्त तापते. ती वाफ कारागिराच्या मूत्रपिंडावर आणि फुप्फुसावर बसते. आपल्याला ९२ टक्के शुद्धतेची खात्री मिळत होती, आणि तिची किंमत पाटावर बसलेला कारागीर भरत होता. हॉलमार्कमुळे केडीएम मागे पडलं. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. इथे धडा हा, की 'आमचं सोनं शुद्ध आहे' एवढं वाक्य पुरेसं नसतं. शुद्ध करताना काय उडालं, हे विचारावं लागतं.

आता बाजारातून खाणीकडे जाऊ. कारण मूळ प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या जमिनीचा आहे.

दगडातलं जे सोनं मोकळं असतं, ते दळून, धुवून, पाऱ्याने किंवा सायनाइडने काढता येतं. १८८७ मध्ये ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी सायनाइडची पद्धत काढली आणि जगातल्या खाणी बदलल्या. सायनाइडच्या अगदी पातळ पाण्यात सोनं विरघळतं. आपल्याजवळची कोलारची खाण त्याच पद्धतीवर चालली. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने ती आधुनिक पद्धतीने चालवली, पुढे ती सरकारी झाली, आणि २८ फेब्रुवारी २००१ ला बंद पडली. आठशे टनांहून जास्त सोनं तिथून निघालं. ते कुठे गेलं ते आपण सांगू शकत नाही. पण दळलेला दगड कुठे गेला ते कुणीही जाऊन बघावं. तीन कोटी टनांहून जास्त वाळूचे डोंगर गावाला लागून उभे आहेत. लोक त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात. वारा सुटला की ती बारीक धूळ घराघरात जाते. सोनं संपलं, कंपनी संपली, पगार संपले. डोंगर आहेत.

आणि कोलारचा दगड तसा सरळ होता. मोकळं सोनं जगात कमी होत चाललंय, म्हणून आता खाणवाले हट्टी दगडाकडे वळतात. या दगडात सोन्याचे कण एका वेगळ्या खनिजाच्या पोटात दडलेले असतात, इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. सायनाइड त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. फार वेळा ते खनिज असतं आर्सेनोपायराइट. लोखंड, गंधक आणि आर्सेनिक. त्याच्या वजनात ४६ टक्के आर्सेनिक असतं. जवळजवळ निम्मं!

याला फोडायचा जुना उपाय म्हणजे भाजणे. भट्टीत घातलं की गंधक उडतो, आर्सेनिक उडतं, दगड सच्छिद्र होतो आणि सोनं मोकळं होतं. उडालेलं आर्सेनिक गार झालं की पांढरी पूड होऊन खाली बसतं. तोच आपला सोमल.

कॅनडाच्या उत्तरेला यलोनाइफ गाव आहे. तिथली जायंट माइन १९४८ ते २००४ चालली. पहिल्या वर्षांत भट्टीच्या चिमणीतून दिवसाला सात टनांच्या आसपास सोमल बाहेर पडत होता. तो बर्फावर बसायचा, आणि तिथले मूळ रहिवासी बर्फ वितळवून पाणी प्यायचे. १९५१ मध्ये तो बर्फ पोटात गेल्याने दोन वर्षांचं एक पोर मेलं. कंपनीने घरच्यांना ७५० डॉलर दिले. त्याच वर्षी धूळ धरणारं विजेचं यंत्र बसलं. मग धरलेला सोमल ठेवायचा कुठे? खाणीतल्याच रिकाम्या पोकळ्यांत. आज तिथे जमिनीखाली २ लाख ३७ हजार टन सोमल आहे.

आता हिशेब करूया. त्या खाणीतून एकंदर सुमारे ७० लाख औंस सोनं निघालं, म्हणजे साधारण २१८ टन. भागाकार केला तर एका टनामागे हजार टनांहून जास्त सोमल येतो. एक तोळ्याची अंगठी घातलीत तर तिच्यामागे दहा-अकरा किलो सोमल. आणि पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅम आर्सेनिक एक लाख लिटर पाणी मर्यादेच्या टोकाला नेऊन ठेवतं.

१९९९ मध्ये खाणीची मालक कंपनी दिवाळखोर झाली. राखण सरकारच्या गळ्यात आली. आता त्या पोकळ्यांभोवतीची जमीन कायमची गोठवून ठेवायची योजना चालू आहे, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. खर्चाचा अंदाज चारशे कोटी कॅनेडियन डॉलरच्या वर गेलाय. त्या राखणीला शेवटची तारीख नाही. सोनं खाल्लं एका पिढीने, आणि फ्रीज चालू ठेवायचा पुढच्या सगळ्यांनी.

स्वीडनची गोष्ट वेगळी आणि जास्त विचार करायला लावणारी आहे. तिथल्या बोलिडेन इथे १९२४ मध्ये सोनं सापडलं, पण आर्सेनिकने भरलेलं. त्यासाठी समुद्रकाठी रॉन्स्कर इथे १९३० मध्ये भट्टी सुरू झाली. त्यांनी आर्सेनिक पकडलं, साठवलं, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून त्याचं मीठ करून विकायचाही प्रयत्न केला. स्वीडन तसा शिस्तीचा देश. पण १९८० च्या दशकात त्या भट्टीतला सुमारे २० हजार टन आर्सेनिकयुक्त गाळ जहाजाने चिलीतल्या अरिका शहरात पाठवला गेला, तिथली एक कंपनी तो 'प्रक्रिया' करणार म्हणून. गाळ उघड्यावर पडून राहिला. पुढे त्याला लागून गरिबांसाठी घरं बांधली गेली, पोरं त्या ढिगावर खेळली. रहिवाशांनी स्वीडनच्या कोर्टात दावा लावला. २०१९ मध्ये वरच्या कोर्टाने तो मुदत संपल्याच्या कारणावरून फेटाळला. म्हणजे बघा, कागदावर माल 'प्रक्रियेसाठी रवाना' असला, तरी प्रश्न संपलेला नसतो.

इतक्या लांब जायची गरज नाही म्हणाल, तर घाट चढून कर्नाटकात चला. यादगीर जिल्ह्यात सुरपूर तालुक्यात किरदळ्ळी तांडा नावाची बंजाऱ्यांची वस्ती आहे. जवळ मंगळूर नावाची सोन्याची जुनी, बंद पडलेली खाण आहे. किनाऱ्यावरचं मंगळूर नव्हे, हे वेगळं. तांड्यातल्या लोकांच्या तळहातावर, तळपायावर खडे उठायला लागले, अंगावर काळे-पांढरे डाग आले. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी तपासलं, माणसं तपासली. पाण्यात आर्सेनिक. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांच्या कातडीवर त्याच्या खुणा. २०१३ मध्ये हा अभ्यास छापून आला. सोन्याच्या खडकपट्ट्यात आर्सेनिक असतंच, ते पाण्यात उतरतं. पण हातपंप मारताना ते पाणी कुणी तपासलंच नाही, आणि कळेपर्यंत एक पिढी ते प्याली.

मग सुरक्षित मार्ग नाहीच का? आहे, आणि हे मुद्दाम सांगतोय, कारण खाण म्हटली की एक बाजू डोळे मिटून हो म्हणते आणि दुसरी डोळे मिटून नाही.

एक मार्ग बंद दाबपात्राचा. मोठा प्रेशर कुकर समजा. दोनशे अंशांच्या वर, दाबाखाली, ऑक्सिजन सोडून त्या दगडाची पूड पाण्यात शिजवायची. धूर बाहेर पडतच नाही. आर्सेनिक लोखंडाशी बांधलं जाऊन घट्ट गाळ होतो. सोन्यासाठी हे मोठ्या प्रमाणात पहिल्यांदा १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅक्लॉफ्लिन खाणीत झालं.

दुसरा मार्ग तर आपल्या इडलीच्या पिठासारखा आहे. काही जिवाणू असे आहेत जे लोखंड आणि गंधक 'खाऊन' जगतात. १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत त्यांना कामाला लावलं. मोठ्या टाक्यांत दगडाची पूड, पाणी, हवा, सुमारे ४० अंश ऊब, आणि चार-सहा दिवस आंबवण. जिवाणू खनिजाचं पोट फोडतात आणि सोनं मोकळं होतं. आर्सेनिक पाण्यात येतं, धुरात नाही. मग त्या पाण्यात चुना घालायचा. आर्सेनिकच्या निदान तिप्पट लोखंड पाण्यात असलं, तर ते दोन्ही मिळून सहज न विरघळणारा गाळ होऊन बसतात. त्या गाळाला अस्तर लावलेल्या तळ्यात ठेवायचं आणि त्याचा आंबटपणा बिघडू द्यायचा नाही. सायनाइडसुद्धा तळ्यात सोडण्याआधी सल्फर डायऑक्साइड आणि हवेने मोडून टाकता येतं. यातलं काहीच नवीन नाही, सगळं तीस-चाळीस वर्षांचं आजमावलेलं आहे.

पण या सगळ्या चांगल्या पद्धतींचा शेवट बघा. गाळ. अस्तराचं तळं. बांध. राखण. उत्तम यंत्रसुद्धा विषाला नाहीसं करत नाही, फक्त त्याला न उडणारं, न विरघळणारं रूप देतं. पुढे ते रूप टिकतं की नाही हे यंत्रावर नाही, बांधावर आणि पावसावर अवलंबून असतं.

आणि पाऊस म्हटलं की आपण आलो. ३० जानेवारी २००० ला रुमानियात बाया मारे इथे पावसाने आणि वितळलेल्या बर्फाने सोन्याच्या खाणीचं तळं भरलं, बांध फुटला, आणि सुमारे १ लाख घनमीटर सायनाइडचं पाणी नद्यांत गेलं. हंगेरीच्या तिसा नदीतले मासे मेले. तिथला वर्षाचा पाऊस आपल्या एका जुलैत पडतो! आपल्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो. जुलै २०२१ मध्ये दोडामार्गात कळणे इथे लोहखनिजाच्या खाणीतलं साठलेलं पाणी बांध फोडून गावात घुसलं, शेतं चिखलाने भरली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते लाल चिखलाचं पाणी होतं. त्या खड्ड्यात आर्सेनिकचा गाळ असता तर?

आपला दगड जांभा, भोकाभोकाचा. पाणी त्यातून झिरपून विहिरीत येतं, विहिरीतून व्हाळात, व्हाळातून गड नदीत. गड नदी सह्याद्रीतून कणकवलीवरून खाली येते आणि मसुऱ्याच्या अंगाने कालावल खाडीत जाते. वर कुठेही काही सांडलं तर ते खाली आपल्या तिसऱ्यांत, कालवांत, माशांत येऊन बसणार. खाडीकाठच्या बाईच्या टोपलीत येणार.

म्हणून उद्या जिल्ह्यात कुठेही ड्रिलिंगची गाडी दिसली, तर 'किती टन सोनं' हा प्रश्न नंतर विचारा. आधी हे विचारा:

१. सोन्याबरोबर आर्सेनिक, पारा, शिसं, अँटिमनी किती आहे? नमुन्याचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागणार का?

२. खणायच्या आधी आजूबाजूच्या विहिरी, व्हाळ, खाडी यांचं पाणी तपासलंय का? आज ते आकडे नसतील, तर दहा वर्षांनी 'हे आधीपासूनच होतं' असं उत्तर मिळेल आणि आपल्या हातात कागद नसेल.

३. दगड फोडायची पद्धत कुठली? उघडी भट्टी, दाबपात्र की जिवाणू? आणि माल बाहेर पाठवणार असाल तर कुठल्या गावाला? त्या गावालाही आपल्यासारखीच पोरं आहेत.

४. गाळाचं तळं किती पावसाला धरून आखलंय? सरासरी पावसाला की आपल्या सगळ्यात वाईट दिवसाला?

५. खाण संपल्यावर राखण कोण करणार, आणि त्याचे पैसे आज कुठल्या खात्यात भरले? खाण बंद करायचा आराखडा आणि त्याची आर्थिक हमी कायद्यात आहे. ती रक्कम तळ्याच्या आयुष्याला पुरते का, एवढंच बघायचं.

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत जनसुनावणी आहे. तिची निदान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत द्यावा लागतो. तो मागा, वाचा. मंडपात जाऊन नुसता आरडाओरडा करण्यापेक्षा हातात पाच प्रश्नांचा कागद असलेला गाववाला जास्त भारी पडतो.

आणि खाण कधी आलीच नाही, तरी आपलं काम संपत नाही. कणकवली, कुडाळ, मालवणच्या बाजारात सोनं गाळलं जातं. जुने मोबाइल, जुने कॉम्प्युटर यांतसुद्धा सोनं असतं, आणि भंगारात जाऊन ते कुठेतरी असंच तेजाबात उकळलं जातं. तीही एक खाणच आहे, फक्त गावाबाहेर नाही, गल्लीत. तुमच्या ओळखीच्या सोनाराला, गलाईवाल्याला विचारा, धूर कुठे सोडतोस? रागावून नको, आपल्या माणसाची काळजी म्हणून विचारा. आणि नगरपंचायतीला विचारा, की सामायिक गाळणीसाठी एमआयडीसीत एक गाळा, एक हूड, एक स्क्रबर देता येईल का?

शेवटी आपल्याच गावचा दाखला. मसुऱ्याच्या भरतगडाची टेकडी शिवाजी महाराजांच्या वेळी पाहिली गेली होती, पण वर पाणी नाही म्हणून किल्ला बांधला नाही, अशी नोंद आहे. पुढे फोंड सावंतांनी तिथे विहीर खणली, पाणी लागलं, आणि मग गड उभा राहिला. जागा मोक्याची होती, खाडीवर नजर राहत होती, तरी आधी पाणी बघितलं.

तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांना जे कळत होतं, तेवढंच आपण करूया. सोन्याची बातमी येवंदे. आधी पाणी बघूया.

पटलं तर आपल्या वाडीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, बोलूया.